सतरा इंच आणि किंमत कमी: असा लॅपटॉप घेण्याजोगा असतो का?

१७.३ इंचाची स्क्रीन, ऐसपैस कीबोर्ड, उजवीकडे आकड्यांचा वेगळा पॅड, आणि किंमत मात्र चांगल्या १४ इंची लॅपटॉपहूनही कमी. अशी जाहिरात दिसली की मोह होतोच. बरोबरीने शंकाही येते: एवढी मोठी वस्तू एवढ्या स्वस्तात देतात कशी? ही शंका झटकून टाकू नका. घ्यावा की घेऊ नये याचं उत्तर तिच्यापासूनच सुरू होतं.

स्वस्त मशीन बनवताना किंमत आधी ठरते आणि त्या किमतीत सगळं बसवावं लागतं. स्क्रीन मोठी ठेवली की पैसे दुसरीकडे वाचवणं आलं. ते वाचवले जातात पॅनेलच्या दर्जात, प्रोसेसरमध्ये, रॅममध्ये, बॅटरीत, झाकणाच्या बिजागरीत, म्हणजे फोटोत ज्याचा पत्ता लागत नाही अशा ठिकाणी. यातल्या काही उणिवा पुढे थोड्या खर्चात भरून काढता येतात. रॅमसाठी मोकळा स्लॉट असेल तर ती वाढवता येते, एसएसडी म्हणजे फाइली साठवणारी वेगवान डिस्क बदलता येते. प्रोसेसर मात्र बोर्डावर कायमचा बसवलेला असतो. स्क्रीनचं पॅनेल बदलून मिळतं, पण स्वस्त मशीनवर तो खर्च करणं सहसा परवडत नाही. म्हणून असा लॅपटॉप पारखताना मी एकच क्रम पाळतो: जे बदलता येत नाही ते आधी पाहायचं, जे बदलता येतं ते नंतर, आणि स्क्रीन किती इंचाची हे अगदी शेवटी.

इंचांत काय मोजलं जातं

स्क्रीनचे इंच कर्णावर मोजतात, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. १७.३ इंची रुंद स्क्रीन प्रत्यक्षात साधारण ३८ सेंटिमीटर रुंद आणि साडेएकवीस सेंटिमीटर उंच असते. १५.६ इंची स्क्रीन साडेचौतीस बाय साडेएकोणीसच्या आसपास. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर १७.३ इंची स्क्रीन १५.६ पेक्षा सुमारे २३ टक्के आणि १४ इंचापेक्षा ५० टक्क्यांहून थोडी जास्त मोठी भरते. फरक खरा आहे आणि डोळ्यांना जाणवतोही.

पण स्क्रीनवर किती मजकूर मावेल हे इंचांवर ठरत नाही, ते ठरतं पिक्सेलवर. स्क्रीन बारीक ठिपक्यांची बनलेली असते आणि त्या ठिपक्यांची संख्या म्हणजे रिझोल्यूशन. स्वस्त लॅपटॉपमध्ये तीन आकडे पुन्हा पुन्हा भेटतात. १३६६ बाय ७६८ याला नुसतं ‘एचडी’ म्हणतात, त्यात साधारण साडेदहा लाख पिक्सेल असतात. १६०० बाय ९०० हे ‘एचडी प्लस’, १४ लाख ४० हजार. १९२० बाय १०८० हे ‘फुल एचडी’, पावणेएकवीस लाखांच्या जवळपास. स्वस्त १७.३ इंची मशीनमध्ये एचडी प्लस पॅनेल बरंच आढळतं, आणि नावातल्या ‘प्लस’मुळे ते फुल एचडीच्या वरचं असेल असा समज होतो. प्रत्यक्षात ते एक पायरी खाली आहे.

याचा परिणाम कामावर कसा होतो ते एक्सेलमध्ये चटकन कळतं. नेहमीच्या मांडणीत एक्सेलची एक ओळ २० पिक्सेल उंच असते. ७६८ आणि १०८० या दोन उंचींमध्ये ३१२ पिक्सेलचा फरक आहे, म्हणजे सरळ १५ ओळी. वरची मेनूची पट्टी, खालचा टास्कबार यांनी खाल्लेली जागा दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे लहान रिझोल्यूशनला तिचा फटका जास्त बसतो. दिवसभर हिशोबाचे तक्ते पाहणाऱ्याला या १५ ओळी म्हणजे सतत वरखाली करत बसणं किंवा न बसणं.

इथे कुणी म्हणेल, फुल एचडी असलेल्या लहान स्क्रीनवर अक्षरं इतकी बारीक दिसतात की ती मोठी करून घ्यावी लागतात, मग जास्तीचे पिक्सेल गेले कुठे? मुद्दा बरोबर आहे. विंडोजमध्ये स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के केलं की मावणारा मजकूर कमी होतो. पण ते पिक्सेल वाया जात नाहीत, अक्षराची कड रेखीव करायला वापरले जातात. देवनागरी वाचणाऱ्यांना हा फरक विशेष जाणवतो. जोडाक्षरं, रफार, उकार-वेलांट्या कमी पिक्सेलांत एकमेकांत मिसळतात आणि दोन-तीन तास वाचल्यावर डोळे ताणल्यासारखे होतात.

एका इंचात किती पिक्सेल बसतात हा आकडा पाहिला की तुलना सोपी होते. १४ इंची फुल एचडीवर तो १५७ च्या आसपास, १५.६ इंची फुल एचडीवर १४१, १७.३ इंची फुल एचडीवर १२७, १७.३ इंची एचडी प्लसवर १०६ आणि १५.६ इंची साध्या एचडीवर जेमतेम १००. माझ्या मते लॅपटॉपच्या अंतरावरून वाचायला १२७ चांगला आहे. स्केलिंग न वाढवता त्याच्यावरची अक्षरं १४ इंची फुल एचडीपेक्षा जवळपास पाव पटीने मोठी दिसतात. चाळिशी लागलेल्या किंवा नजर अधू असलेल्या माणसाला हे मोठं सुख आहे, आणि मोठ्या स्क्रीनचा सर्वांत खरा फायदा मी हाच मानतो. १०६ वर अक्षरं मोठी दिसतात, पण भरड.

आकाराबद्दल अजून एक गोष्ट, जी दुकानात सहसा कुणी सांगत नाही. अलीकडे १६ इंची लॅपटॉप रुंदी आणि उंचीच्या १६:१० या प्रमाणात येतात, तर १५.६ आणि १७.३ इंची बहुतेक मशीन १६:९ प्रमाणातली. भूमिती मांडून पाहिली तर १६ इंची १६:१० स्क्रीनची रुंदी जवळजवळ १५.६ इंचीइतकीच भरते आणि उंची चक्क १७.३ इंचीएवढी, साडेएकवीस सेंटिमीटर. वाचन, लेखन, कोड, हिशोब ही सगळी उभ्या दिशेने वाढणारी कामं. ती करणाऱ्याला १७.३ ची उंची १५.६ च्या रुंदीच्या मशीनमध्ये मिळत असेल, तर जास्तीची रुंदी फक्त दोन खिडक्या शेजारी-शेजारी ठेवताना किंवा सिनेमा पाहताना उपयोगी पडते. दोन्ही पर्याय समोर असतील तर मी १६ इंची उचलेन.

पॅनेल कोणतं आहे?

रिझोल्यूशन ठीक असलं तरी पॅनेल वाईट असू शकतं. स्वस्त मशीनमध्ये टीएन आणि आयपीएस असे दोन प्रकार भेटतात. टीएन बनवायला स्वस्त, पण ते समोरून नीट पाहिलं तरच नीट दिसतं. खालून पाहिलं की रंग काळवंडतात, चेहऱ्यांचे फोटो निगेटिव्हसारखे होतात. वरून पाहिलं की सगळं फिकट पडतं. आयपीएसमध्ये बाजूने, वरून, खालून पाहिलं तरी रंग बऱ्यापैकी तसेच राहतात.

मोठ्या स्क्रीनवर टीएनचा दोष आणखी ठळक होतो, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. स्क्रीनच्या मध्यासमोर ५० सेंटिमीटर अंतरावर डोळे आहेत असं धरा. स्क्रीन साडेएकवीस सेंटिमीटर उंच असेल तर वरची कड आणि खालची कड यांच्याकडे पाहण्याच्या कोनात जवळपास २४ अंशांचं अंतर पडतं. म्हणजे तुम्ही मान ताठ ठेवून अगदी समोर बसलात तरी स्क्रीनचा वरचा भाग एका कोनातून आणि खालचा दुसऱ्या कोनातून दिसतो. एकाच करड्या रंगाचं पान उघडलं तरी ते वर गडद आणि खाली फिकं वाटतं. झाकण पुढेमागे करून तुम्ही एक भाग सुधारता तर दुसरा बिघडतो. लहान स्क्रीनवर हा कोन कमी असतो म्हणून चालून जातं. मोठी स्क्रीन घ्यायची आणि पॅनेल टीएन, हा सौदा मला मुळीच पटत नाही.

जाहिरातीत टीएन हा शब्द क्वचितच सापडेल. आयपीएस असेल तर मात्र विकणारा ते आवर्जून लिहितो. कुठेच उल्लेख नसेल तर टीएन धरून चालावं आणि कंपनीच्या संकेतस्थळावर पूर्ण मॉडेल क्रमांक टाकून खात्री करावी. पूर्ण क्रमांकच, कारण एकाच नावाचा लॅपटॉप वेगवेगळ्या पॅनेलसह विकला जातो आणि फरक फक्त शेवटच्या काही अक्षरांत असतो. मित्राने तीच मालिका घेतली आणि स्क्रीन झकास आहे, एवढ्यावर विसंबून तुम्ही मागवलेल्या मशीनची स्क्रीन तशीच निघेल असं नाही.

प्रत्यक्ष पाहायला मिळत असेल तर एक साधी परीक्षा करा. माणसाचा चेहरा असलेला फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडा आणि झाकण हळूहळू मागे झुकवत न्या. चेहऱ्याच्या सावल्या टिकल्या तर पॅनेल चांगलं. गालाचा रंग बदलत गेला, केसांचा काळा रंग चंदेरी व्हायला लागला, तर समजून जा.

उजेडाचा आकडा निट्समध्ये देतात. स्वस्त मशीनमध्ये तो २२० ते २५० असतो. पडदे ओढलेल्या खोलीत पुरतो, खिडकीशेजारी बसलात तर पुरत नाही. ३०० असेल तर घरात कुठेही बसा. रंगांसाठी ‘४५ टक्के एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवू शकते याचं माप) असं लिहिलेलं दिसलं तर लाल रंग विटकरी दिसणार हे गृहीत धरा. पत्रं, हिशोब, ऑनलाइन वर्ग यांना त्याने काही बिघडत नाही. फोटो किंवा छपाईचं काम करणाऱ्याने मात्र तिथेच थांबावं.

प्रोसेसरच्या नावातली गल्लत

मोठं शरीर पाहिलं की आत ताकदही मोठी असेल असं वाटतं. तसा काही संबंध नाही. १७ इंची खोक्यातही लहान मशीनसाठी बनवलेला ६ वॉटचा प्रोसेसर आरामात बसवतात.

इंटेलचा सेलेरॉन एन४०२० घ्या. दोन कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), दोन थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), आणि बाजारात आला २०१९ मध्ये. आजच्या ब्राउझरमध्ये सहा-सात टॅब आणि एक व्हिडिओ कॉल एवढ्यात तो दमतो. नवीन मशीनमध्ये तो दिसला तर किंमत कितीही खाली असली तरी मी नको म्हणेन. २०२३ मध्ये आलेला एन१०० याच घराण्यातला, पण चार कोअरचा आणि पिढीने बराच पुढचा. घरगुती वापराला, शाळेच्या कामाला, पत्रव्यवहाराला तो पुरतो. स्वस्त मोठ्या लॅपटॉपसाठी ही मला किमान पायरी वाटते.

गोंधळ वाढतो तो नावांमुळे. इंटेलने २०२३ पासून लॅपटॉपसाठी सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं मागे घेतली आणि त्या जागी नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’ असं लिहायला सुरुवात केली. त्यामुळे पूर्वी सेलेरॉन वाचून सावध होणारा ग्राहक आता ‘इंटेल प्रोसेसर’ वाचून पुढे सरकतो. ‘आय३’ हे नावही दोन वेगळ्या जातींच्या चिपना मिळतं. आय३-१२१५यू मध्ये दोन ताकदीचे आणि चार काटकसरी कोअर असतात. आय३-एन३०५ मध्ये आठही कोअर काटकसरी. दोन्ही वाईट नाहीत, पण एकाच वेळी एकच जड काम करताना पहिला पुढे राहतो.

एएमडी ही इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी. तिच्या रायझन प्रोसेसरच्या ७००० मालिकेत तिसरा अंक पाहायचा. रायझन ५ ७५२०यू मधला तिसरा अंक २, म्हणजे आतली रचना झेन २, जी २०१९ मधली आहे. रायझन ५ ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. नावात एका अंकाचा फरक, पण पहिल्यात चार कोअर आणि दुसऱ्यात सहा. दोन्हींवर ‘रायझन ५’ असं तेच स्टिकर लागतं. दुकानात स्टिकरपाशी थांबू नका, पूर्ण क्रमांक विचारा. तो सांगायला कुणी टाळाटाळ करत असेल तर दुसरं मशीन बघा.

जुना ‘आय७’ हा वेगळा सापळा. २०१६ मधल्या, सातव्या पिढीच्या आय७-७५००यू मध्ये दोनच कोअर होते. नूतनीकरण करून विकलेल्या मोठ्या स्क्रीनच्या मशीनमध्ये असे प्रोसेसर अजून सापडतात. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर मान्य आहेत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीचं मशीन घेणाऱ्याच्या वाट्याला सुरुवातीपासूनच सुरक्षेच्या अपडेटची काळजी येते. लिनक्स वापरणार असाल तर ही अडचण नाही, तेव्हा जुनं पण दणकट मशीन चांगलं ठरू शकतं.

रॅम आणि स्टोरेज

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही कंपनीने जाहीर केलेली किमान अट आहे. किमान म्हणजे मशीन सुरू होण्यापुरतं, काम करण्यापुरतं नाही. ४ जीबीत ब्राउझर उघडला की मशीन अडखळायला लागतं. आज ८ जीबीच्या खाली जाऊ नये, आणि मशीन पाच-सहा वर्षं वापरायचं असेल तर १६ जीबी हवी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये स्क्रीनचं चित्र काढायलाही याच रॅमचा काही भाग जातो, हेही हिशोबात धरा.

रॅम पुढे वाढवता येणार असेल तर ८ वर सुरुवात करायला हरकत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न ‘रॅम किती?’ एवढाच नाही. ती सोल्डर केलेली आहे का, आणि मोकळा स्लॉट आहे का, हेही विचारा. वर सांगितलेल्या रायझन ७५२०यू सारख्या चिपसोबत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली येते. तिथे ८ म्हणजे कायमचे ८. सुरू असलेलं मशीन हाताशी असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सखाली मेमरीवर गेलात की किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. फॉर्म फॅक्टरसमोर ‘एसओडिम’ असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर बहुधा सोल्डर केलेली. त्याच ठिकाणी डिस्कवर टिचकी मारा, एसएसडी आहे की एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) ते कळेल.

स्टोरेजमध्ये ईएमएमसी हा शब्द दिसला की सावध व्हा. फोनमध्ये असते तशी ही चिप बोर्डावर कायमची बसवलेली असते, एसएसडीहून बरीच हळू चालते आणि बदलता येत नाही. ६४ जीबीची असेल तर विंडोज आणि त्याचे अपडेट यातच ती भरत जाते आणि एके दिवशी पुढचा अपडेट जागेअभावी अडतो. मूळ एसएसडी लहान असली, २५६ जीबीची असली, तरी काळजी नाही. ती पुढे बदलता येते. फिरती हार्ड डिस्क असलेलं जुनं मशीन घेत असाल तर एसएसडीचा खर्च किमतीत धरूनच तुलना करा. त्या एका बदलाने जुनं मशीन जितकं सुधारतं तितकं दुसऱ्या कशानेच सुधारत नाही.

बॅटरी, वजन, बिजागरी

मोठी स्क्रीन उजळायला जास्त वीज लागते. बॅटरी मात्र स्वस्त मशीनमध्ये मोठी देत नाहीत; ४० वॉट-अवरच्या आसपासची असते. हिशोब साधा आहे: मशीन सरासरी १० वॉट खात असेल तर ४० वॉट-अवरची बॅटरी चार तास चालते. जाहिरातीतले ‘१० तासांपर्यंत’ हे मंद उजेडात सलग व्हिडिओ चालवून काढलेले असतात. टेबलावर चार्जर लावूनच वापरायचं असेल तर हा मुद्दा सोडून द्या. रोज घेऊन फिरायचं असेल तर दोन ते अडीच किलोचं मशीन, वर चार्जरचं वजन, आणि १५.६ च्या बॅगेत न मावणारी रुंदी हे तिन्ही रोज सोसावे लागतील. चार्जर यूएसबी-सी असेल तर बरं, कारण तो हरवला तर दुसरा सहज मिळतो. मशीनला यूएसबी-सी पोर्ट दिसतो म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं मात्र नाही, हे विचारून घ्या.

बिजागरीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण स्वस्त मोठे लॅपटॉप इथेच मोडतात. झाकण जितकं मोठं तितका त्याच्या टोकाला लावलेल्या जोराचा बिजागरीवर ताण जास्त. धातूची बिजागरी सहसा तुटत नाही. ती ज्या स्क्रूंनी धरलेली असते ते स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी चकत्यांत फिरवलेले असतात, आणि तडा जातो तो या चकत्यांभोवतीच्या प्लास्टिकला. झाकण रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडलं की ते पिळलं जातं आणि त्या बाजूची चकती हळूहळू सुटते. पहिली खूण अशी दिसते: झाकण उघडताना कीबोर्डच्या मागच्या कोपऱ्यात नखभर फट पडते आणि बंद केलं की मिटते. जुनं मशीन घेताना हीच जागा पाहा. नवीन घेताना झाकणाचा वरचा कोपरा दोन बोटांत धरून अलगद हलवा. स्क्रीन फार वाकत असेल, तिच्यावर रंगांच्या लाटा उमटत असतील, तर ती बॅगेत फार काळ टिकणार नाही. झाकण नेहमी मधोमध धरून उघडायची सवय लावली तर स्वस्त मशीनचंही आयुष्य वाढतं.

कीबोर्डाचं एकच. आकड्यांचा पॅड आला की अक्षरांच्या कळा आणि टचपॅड डावीकडे सरकतात. दिवसभर आकडे भरणाऱ्याला पॅड हवाच. फक्त मजकूर टाइप करणाऱ्याला अंग किंचित डावीकडे वळवून बसावं लागतं, तेव्हा घेण्याआधी एक परिच्छेद टाइप करून पाहिलेला बरा.

जाहिरात वाचून दाखवतो

समजा असं लिहिलं आहे: ‘१७.३ इंच एचडी प्लस अँटी-ग्लेअर डिस्प्ले, क्वाड कोअर प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १.१ टीबी स्टोरेज, विंडोज ११ एस मोड.’

एचडी प्लस म्हणजे १६०० बाय ९००, हे वर पाहिलं. अँटी-ग्लेअर म्हणजे पृष्ठभाग चकाकणारा नाही एवढंच. चांगली गोष्ट, पण पॅनेलच्या प्रकाराबद्दल ती काही सांगत नाही, आणि आयपीएस लिहिलेलं नाही हे लक्षात घ्या. ‘क्वाड कोअर’ लिहिलं आणि नाव गाळलं, म्हणजे नाव सांगण्याजोगं नसावं. १.१ टीबी हा आकडाच विचित्र आहे. मशीनमध्ये बहुधा १२८ जीबी आहे आणि उरलेली १ टीबी म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दिलेली क्लाउडवरची जागा, जी मुदत संपली की पैसे भरून चालू ठेवावी लागते. एस मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलेच प्रोग्राम चालतात. त्यातून बाहेर पडता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत, पण पुन्हा एस मोडमध्ये परतता येत नाही.

ऑनलाइन विक्रीत आणखी एक प्रकार दिसतो. मूळ मशीन कंपनीचं, पण विक्रेत्याने ते उघडून रॅम आणि एसएसडी वाढवलेली असते आणि शीर्षकात मोठे आकडे लिहिलेले असतात. यात लबाडी असेलच असं नाही. तरीही वाढवलेल्या भागांची हमी कोण देणार, आणि मशीन उघडल्यामुळे कंपनीची हमी राहते का, हे लेखी विचारा. प्रोसेसर मूळचाच आहे हेही विसरू नका: सेलेरॉनला ३२ जीबी रॅम जोडली तरी तो सेलेरॉनच राहतो.

मग कुणी घ्यावा?

मशीन एका टेबलावर राहणार आहे, वापर वाचन, हिशोब, व्हिडिओ कॉल, सिनेमा असा आहे, आणि मोठी अक्षरं ही गरज आहे, अशा माणसाला १७.३ इंची फुल एचडी आयपीएस, एन१०० किंवा त्याहून वरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि खरी एसएसडी असलेलं स्वस्त मशीन मी बिनधास्त सुचवेन. घरातल्या ज्येष्ठांसाठी तर याहून सोयीचं फार काही नाही. यातला फुल एचडी किंवा एसएसडी हा मुद्दा गळत असेल तर किंमत पाहून मन वळू देऊ नका.

रोज बॅग घेऊन हिंडणारा विद्यार्थी, व्हिडिओ संपादन करणारा, जड खेळ खेळणारा, यांच्यासाठी हे मशीन नाही.

आणि मोठी स्क्रीन फक्त घरी हवी असेल तर आणखी एक वाट आहे, जी मला बहुतेकांसाठी जास्त शहाणपणाची वाटते: चांगल्या प्रोसेसरचा १४ इंची लॅपटॉप आणि वेगळा २४ इंची मॉनिटर. २४ इंची स्क्रीनचं क्षेत्रफळ १७.३ इंचीच्या जवळपास दुप्पट असतं. फुल एचडी मॉनिटरवर पिक्सेल तेवढेच असतात, त्यामुळे अक्षरं आणखी मोठी दिसतात, आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन शेजारी उघडी ठेवली की एकूण जागाही दुप्पट होते. मॉनिटर डोळ्यांच्या उंचीवर ठेवता येतो, मान खाली घालावी लागत नाही. लॅपटॉप जुना झाला तरी मॉनिटर पुढच्या मशीनला जोडता येतो. घेताना लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट आहे एवढं पाहा.

शेवटी मोठ्या स्क्रीनचं मशीन घेतलंतच, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी दोन-तीन गोष्टी उरका. पूर्ण स्क्रीन आळीपाळीने पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी करून अडकलेले किंवा मेलेले पिक्सेल शोधा. काळ्या स्क्रीनवर खोलीतला दिवा मालवून कडांमधून उजेड किती गळतो ते पाहा. मशीन वापरलेलं असेल तर विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता हे दोन आकडे शेजारी ठेवा; ४१ वॉट-अवरची बॅटरी २५ वर आलेली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च विक्रेत्याशी बोलताना काढा. नवीन मशीन तासभर व्हिडिओ कॉलवर चालवून पंख्याचा आवाज ऐका आणि तळहात टेकतात ती जागा किती तापते ते अनुभवा. आणि ती मुदत संपेपर्यंत खोकं, आतला थर्माकोल आणि पिशव्या फेकू नका, कारण परत घेताना सगळं मूळ वेष्टनात मागतात आणि एवढ्या मोठ्या मशीनला बसेल असं दुसरं खोकं सहजी मिळत नाही.